पोटाखालचा पत्रा

"लोखंडाचा घ्यावा, की ॲल्युमिनियमचा?"

उस्ताद चहा बशीत ओतत होते.

"की दोन्ही? पुढं लोखंड, मागं ॲल्युमिनियम... तसंही बसवतात म्हणे काहीजण."

उस्तादांनी बशीतला चहा संपवला. कप बशीवर उपडा घातला. मग विचारलं,

"कुठल्या दगडासाठी?"

शैलेंद्रला हसू येत होतं, ते त्यानं आवरलं. एवढ्या लांबून आलो, आणि म्हातारा भलतंच विचारतो आहे.

"कुठल्याही," तो म्हणाला. "असा पत्रा पाहिजे उस्ताद, की खाली काय आहे ते बघायलाच लागू नये."

उस्तादांनी मान डोलावली. ती होकाराची होती की आणखी कशाची, हे काही त्याला कळलं नाही.

शैलेंद्र डुंबरे जुन्नरकडचा. घरची द्राक्षबाग, पण त्याचा जीव बागेत कधी रमला नाही. तो रमला चाकांत. डोंगरात, चिखलात, जिथं रस्ता म्हणून काही नसतंच, तिथं गाडी घालायची आणि पलीकडं काढायची, हा त्याचा नाद. त्या नादाच्या शर्यती भरतात. त्यात तो उतरायचा आणि जिंकायचा. घरातल्या कपाटात चषक मावेनासे झाले, तेव्हा आईनं ते माळ्यावर टाकले.

पण हे नुसतं शर्यतीपुरतं राहिलं नव्हतं. घाटमाथ्यावरच्या कोळी वाड्यांना रस्ता नाही. तिथं कुणी आजारी पडलं, बाई अडली, कुणाला सापाचं पान लागलं, तर दवाखान्याची मोठी गाडी खालच्या गावातच थांबते. शैलेंद्रनं आपली उंच केलेली जीप त्या कामाला लावली. निरोप आला की तो निघायचा. डुंबऱ्यांची जीप आली म्हणजे माणूस वाचला, असं वाड्यांवर बोलायला लागले होते. हे त्याच्या कानावर यायचं. त्याला ते आवडायचं, हेही खरं.

गेल्या हिरड्याच्या हंगामात ठकूबाई असवले झाडावरून पडली.

हिरडा झोडायला चढली होती. फांदी मोडली. कमरेखाली पाय असा वळला, की बघवेना. शैलेंद्र पोचला, तिला मागच्या बाकावर आडवं घातलं आणि ओढ्याच्या वाटेनं गाडी सोडली. घाई होती. बाई विव्हळत होती. आणि निम्म्या वाटेत, पाण्याखालच्या एका खडकावर, गाडीच्या इंजिनखालचं तेलाचं चेंबर फुटलं. इंजिनचं सगळं तेल ओढ्याच्या पाण्यावर पसरलं. थोडं पुढं जाऊन इंजिन जाम झालं ते झालंच.

पुढं ठकूबाईला घोंगडीच्या डोलीतून न्यावं लागलं. माणसं खांदे बदलत होती आणि शैलेंद्र मागून नुसता चालत होता. बाई वाचली. पाय वाकडा राहिला. पुढं कधीतरी बाजारात भेटली, तेव्हा काठी टेकत जवळ आली आणि म्हणाली, "गाडी बरी झाली का, दादा?"

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

चेंबरखाली तेव्हाही पत्रा होता. गाडीच्या पोटाला दगड लागू नये म्हणून बसवतात तो, स्किड प्लेट. पण तोच दुमडून आत घुसला होता आणि त्याच्याच कडेनं चेंबर फाडलं होतं. शैलेंद्रनं तो बदललाही, पण मनाला पटेना. त्याच्या लेखी दोष स्पष्ट होता. पत्रा कमी पडला. आता कमी न पडणारा शोधायचा. त्यानं पुण्यातली दुकानं धुंडाळली, वर्कशॉपं पालथी घातली. जो तो वेगळं सांगायचा. शेवटी शर्यतीतल्या एका जुन्या गड्यानं म्हटलं, की हे विचारायचं तर एकाच माणसाला विचार. बशीर मोमीन. बशीर उस्ताद.

उस्तादांचं नाव त्यानं ऐकलं नव्हतं असं नाही. या नादातल्या कुणी ते ऐकलं नसेल, असं होत नाही. वाळवंटात, बर्फात, पुराच्या गाळात त्यांनी मोहिमा नेल्या होत्या. फौजेतले ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकून गेले होते. त्यांच्या गोष्टी फार. त्यातली एक शैलेंद्रला मुळीच खरी वाटली नव्हती. उस्तादांनी आयुष्यभर डोंगरात चालवलेली गाडी शेवटी कुणीतरी विकत घेतली. त्यानं ती वर्कशॉपात वर उचलून पाहिली आणि शेजारपाजारच्यांना हाका मारून बोलावलं. पोटाखाली पत्रा होता. पण त्या पत्र्यावरचा कारखान्यातला रंग अजून तसाच होता.

अशा गोष्टी लोक रचतात, असं शैलेंद्र तेव्हा म्हणाला होता.

आता तो त्याच माणसासमोर बसला होता. डोंगराच्या पायथ्याचं गाव, गावातलं शेवटचं घर, अंगणात करंज. उस्ताद वाळले होते. दाढी पांढरी शुभ्र, मनगटं मात्र अजून जाड. बाजेवर मांडी घालून ते बसले होते आणि समोर जमिनीवर शैलेंद्रनं आणलेले नमुने मांडले होते.

त्यानं एकेक उचलून दाखवला. हा पोलादी, जड, पण दगडावरून घसरतो, दुमडला तरी कुठल्याही लोहाराकडं ठोकून सरळ होतो. हा ॲल्युमिनियमचा, हलका, पण खडकाला धरतो आणि घासून लवकर झिजतो. आणि हा सगळ्यात जाड, पोलादाचाच. हा बसवला तर स्प्रिंगा दबतात, गाडी बोटभर खाली बसते. पण फुटायचा नाही. काही केलं तरी फुटायचा नाही.

तो नीट सांगत होता. त्याला यातलं कळत होतंच. उस्ताद ऐकत होते, दुसऱ्याच्या पोरानं पाठ केलेली कविता ऐकावी तसं, मन लावून, मधे न बोलता.

सांगून संपलं.

"त्या दिवशी," उस्ताद म्हणाले, "फुटायच्या आधी... आवाज आला होता?"

शैलेंद्र थांबला. त्या वाटेवर खालून दणके बसत होते. वरच्या वाडीपासूनच बसत होते.

"आला होता."

"मग?"

"मग काय... खाली पत्रा होता ना, उस्ताद."

करंजाची दोन-चार पानं बाजेवर पडली. ती त्यांनी झटकली नाहीत. शैलेंद्रला आपलंच वाक्य कानात ऐकू यायला लागलं.

"आत्ता गाडीला आहे का पत्रा?"

"आहे."

"काढ."

तो गाडीखाली सरकला. बोल्टांची डोकी दगडांवर घासून गोल झाली होती, पाना धरेना. त्यातल्या एकाला छिन्नी लावावी लागली. शेवटचा सुटला तसा पत्रा एका बाजूनं खाली आला आणि त्याच्या खोळीत साचलेलं सगळं शैलेंद्रच्या छातीवर सांडलं. वाळलेला चिखल. गवत. जळून काळं पडलेलं पाचोळ्याचं भुसकट. एका खेकड्याची रिकामी पाठ.

तो ते बघत तसाच पडून राहिला. कुठल्या ओढ्यातला होता हा खेकडा? केव्हापासून आपण याला घेऊन फिरत होतो?

"झालं?" बाहेरून उस्तादांचा आवाज आला.

"झालं."

"सगळे पत्रे मागं टाक. नदीवर जाऊ."

नदी म्हणजे उन्हाळ्यातली नदी. पाण्याची एक धार कडेनं वाहत होती, बाकी सगळं पात्र उघडं. काळे खडक. काही गुडघ्याएवढे, काही बैलाच्या पाठीएवढे, काहींवर पुराच्या रेषा. त्यातून गाड्यांची वाट म्हणावी अशी काही नव्हती. उस्ताद शेजारी बसले होते. त्यांनी हातानं फक्त पलीकडचा काठ दाखवला.

शैलेंद्रनं गाडी पात्रात उतरवली.

अशा पात्रातून तो कितीदा गेला होता. पण आज पहिल्याच दगडापाशी त्याचा पाय आपोआप मागं आला. खाली काही नव्हतं. चेंबर उघडं, गिअरबॉक्स उघडा. आपण शर्ट काढून काटेरी झुडपात शिरतो आहोत असं त्याला वाटायला लागलं. पोटाची कातडी खरोखरच आक्रसली होती. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. एकेक दगड बघितला. मधल्या उंच दगडाला दोन चाकांच्या मधे घ्यायचं नाही, त्याच्यावरच चाक चढवायचं, हे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण त्यानं ते गेल्या कित्येक दिवसांत केलं नव्हतं. पत्रा होता, मग कशाला?

गाडी मुंगीसारखी चालली. एकदा खालून काहीतरी खरवडल्याचा बारीक आवाज आला आणि शैलेंद्रच्या तोंडून "आई" असा शब्द निघाला. उस्तादांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पात्राच्या मधोमध दोन लांबट खडक होते, शेजारी शेजारी, रुळांसारखे. एका अंगाला सपाट, दुसऱ्या अंगाला उतरते. दोघांच्या मधे वाळूचा खोलगट पाट. गाडी न्यायची तर डावी चाकं एका खडकावर, उजवी दुसऱ्यावर. चाक घसरलं तर गाडी पोटावर बसणार.

"थांब," उस्ताद म्हणाले. "उतर."

तो उतरला.

उस्तादांनी त्या वाळूच्या पाटाकडं बोट केलं.

"झोप तिथं."

शैलेंद्रला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण उस्ताद सरकून चालवायच्या जागेवर बसलेच होते. दार ओढून घेत होते. नाही म्हणावं असं मनात आलं. आणि लगेच हेही आलं, की आपण नाही म्हणालो, हे उद्या सगळीकडं होईल. मानी माणसाला तेवढं पुरतं. तो जाऊन वाळूत उताणा झाला. वाळू तापली होती. दोन्ही बाजूंना खडकांच्या भिंती आणि मधे आकाशाची पट्टी.

इंजिन सुरू झालं. हा आवाज त्यानं आजवर नेहमी वरून ऐकला होता. आता तो जमिनीतून येत होता, पाठीतून छातीत चढत होता.

पुढची चाकं खडकांवर चढली. आकाश अर्धं झालं. मग नाहीसं झालं.

आणि शैलेंद्रनं आपली गाडी पहिल्यांदा पाहिली.

वर उचलून, दिवे लावून त्यानं ती शंभरदा बघितली होती. पण ती थांबलेली. ही चालत होती. त्याच्या चेहऱ्यावरून, हातभर अंतरावरून. नवं बसवलेलं चेंबर, त्यावर तेलाचा ओलसर घाम. दांडे फिरत होते. नळ्या गरम होऊन उसासत होत्या. सगळं एकमेकाला धरून होतं, आणि सगळं मऊ वाटत होतं... व्यायलेल्या गाईच्या पोटाखाली वासरानं बघावं, तसं तो बघत राहिला. हे एवढं उघडं असतं? याच्या भरवशावर आपण त्या बाईला मागं झोपवलं होतं?

गाडी थांबत नव्हती आणि धावतही नव्हती. एका बाजूचं चाक किंचित खाली उतरलं, तेव्हा दुसऱ्या बाजूनं तेवढंच उचललं. पोट कलंडलं नाही. त्याच्या वर आलं तसं ते जणू श्वास रोखून आणखी वर झालं आणि पुढं सरकलं. त्याच्या अंगावर कुणी पांघरूण घालावं आणि अलगद काढून घ्यावं, तसं झालं. मागच्या चाकांमधला लोखंडी गोळा डोळ्यांवरून गेला. मग एकदम ऊन.

तो उठला नाही. उठवेना. गालावर काहीतरी ओलं होतं. तेलाचा थेंब असेल म्हणून त्यानं बोट लावलं. तेल नव्हतं.

उस्ताद गाडी लावून परत चालत आले. वर उभे राहून त्याच्याकडं बघत होते.

"उस्ताद, तुम्ही हे... मला तर..."

"ऊठ," ते म्हणाले. "आता तू."

तो उठला, कपडे झटकले, आणि मगच त्याच्या लक्षात आलं, काय सांगितलं ते. तोवर उस्तादांनी टोपी काढून खडकावर ठेवली होती. वाळूत शैलेंद्रच्या अंगाचा खळगा पडला होता. म्हातारा त्यात नीट उतरला, पाय सरळ केले, आडवा झाला. दोन्ही हात छातीवर घेतले.

"उस्ताद, नको."

उस्तादांनी डोक्याखालचा खडा काढून टाकला.

"उस्ताद, मी कधी असं... माझ्याच्यानं नाही होणार."

"गाडी फिरवून आण," उस्ताद म्हणाले. "इकडून."

शैलेंद्र गाडीत जाऊन बसला. वळसा घेऊन खडकांसमोर आला. चावी फिरवून त्यानं इंजिन बंद केलं. समोर बॉनेट दिसत होतं, खडकांची टोकं दिसत होती, आणि मधला पाट दिसतच नव्हता. म्हातारा कुठंही दिसत नव्हता. तो नाही असंच समजून गाडी घालता आली असती... आजवर असंच समजून घातली होती.

तो पुन्हा उतरला.

खडकांपाशी गेला. एकावर तळहात ठेवला. तापलेला, खरखरीत, धरणारा. दुसऱ्यावर शेवाळाचा सुकलेला पापुद्रा होता, तिथं चाक सुटलं असतं. त्यानं तो नखांनी खरवडला, मग शर्टाच्या टोकानं पुसला. खडकाच्या शेवटाला एक सैल धोंडा होता, तो काढून बाजूला ठेवला. अनवाणी होऊन दोन्ही खडकांवरून चालून पाहिलं. कुठं पाय कलतो, कुठं भरवसा बसतो. हे सगळं करताना तो उस्तादांकडं बघत नव्हता. बघितलं तेव्हा उस्तादांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. की नव्हते... सांगता येत नाही.

मग तो बसला. गाडी सुरू केली. सगळ्यात खालचा गिअर.

पुढचं डावं चाक खडकाला लागलं. चढलं. उजवं लागलं. चढलं. शैलेंद्रला रस्ता दिसत नव्हता, काच दिसत नव्हती. त्याला त्या चार चाकांखालचा खडक कळत होता. आपल्या तळपायांना कळावा तसा. गाडी त्याच्याभोवती नव्हतीच. तोच होता, चार पायांवर, आणि पोटाखाली एक झोपलेला माणूस.

मधेच उजवं मागचं चाक फिरलं. एक कचकन आवाज. गाडी त्या अंगाला जराशी सरकली.

त्यानं पाय हलवला नाही. श्वासही घेतला नाही. पूर्वी असतं तर त्यानं इंजिन रेटलं असतं. आता तो फक्त थांबला. चाकाला खडक सापडेपर्यंत थांबला. ते किती वेळ होतं, त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. नदीची धार वाहत होती. कुठंतरी टिटवी ओरडत होती. मग चाकानं धरलं. अगदी हळू, एखादं झोपलेलं मूल या कुशीवरून त्या कुशीवर घ्यावं तशी गाडी सरळ झाली. पुढं गेली. खाली वाळू लागली.

तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिला. मागं वळून बघायचं धैर्य होईना.

खूप वेळानं खिडकीशी सावली आली. उस्ताद. दाढीत वाळू होती. त्यांनी शाबासकी दिली नाही, चूक दाखवली नाही. नुसता खिडकीवर हात ठेवला, आणि शैलेंद्रनं तो हात दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावला.

"वजू करतो," उस्ताद म्हणाले. "नमाजची वेळ झाली."

ते हातपाय धुवायला धारेकडं गेले. शैलेंद्रनं गाडी सपाटीवर घेतली. मागचे पत्रे खाली उतरवले. त्यानं ते पुन्हा हातात घेऊन बघितले. मघाशी ते त्याला चिलखतासारखे दिसले होते. आता तसे दिसेनात. जाडजूड होता तो त्यानं पहिल्यांदा बाजूला ठेवला. स्प्रिंगा दाबणारं, पोट खाली आणणारं ते वजन कशासाठी वाहायचं? ॲल्युमिनियमचा थोडा वेळ हातात धरला. हलका, देखणा. तोही ठेवला. साधा पोलादी उचलला. त्याला चिखल आणि पाला गळून पडायला मोठी भोकं होती. चेंबरचं तेल सोडायला वेगळं दार होतं. चुकून लागलंच तर घसरून जाईल, आणि दुमडला तर वाडीवरही कुणी ठोकून देईल. एवढंच बघितलं. कुणाला विचारलं नाही.

गाडीखाली जाऊन तो बसवताना त्याचे हात आपोआप हळू झाले. पहिल्यांदा त्यानं चेंबर फडक्यानं पुसलं. मग दोन बोटांनी चाचपलं, कुठं काही लागलं आहे का. गरम होतं. जिवंत असल्यासारखं. पत्रा वर नेऊन लावला, तेव्हा झोपलेल्याच्या अंगावर चादर ओढतो आहोत असंच त्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटली नाही.

उस्ताद खडकापाशी नमाज पढत होते. उभे राहत, वाकत, वाळूवर कपाळ टेकत. त्यांच्यापलीकडं सगळं पात्र पसरलं होतं. इतके दगड, आणि प्रत्येक वेगळा. कुठल्या दगडाचं तोंड कुठं आहे, हे शैलेंद्रला बसल्या जागेवरून दिसत होतं. सकाळी हेच पात्र त्याला एकसारखं काळं दिसलं असतं. त्यानं नकळत हात जोडले. कुणाला, ते त्याला ठाऊक नव्हतं.

नमाज संपवून उस्ताद आले. टोपी झटकून डोक्यावर ठेवली. वाकून गाडीच्या पोटाखाली एकदा बघितलं. कुठला पत्रा बसवला, हे त्यांना दिसलं असणारच. दार उघडून शेजारी बसले.

परत जाताना शैलेंद्रनं खडकांची वाट घेतली नाही. खालच्या अंगाला धरणाकडून गावाला वळसा घालून येणारा डांबरी रस्ता होता, नवा केलेला. पात्रातून गाडी त्या रस्त्यावर आली तशी सगळी खडखड थांबली. कसला म्हणून आवाज नाही. डावीकडं धरणाचं पाणी, उजवीकडं भाताची मोकळी खाचरं, आणि मधे गुळगुळीत काळा रस्ता, ना खड्डा, ना खडा. शैलेंद्रला फार हलकं वाटत होतं. ठकूबाई पडल्यापासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं. त्याला वाटलं, मोठ्यानं काहीतरी बोलावं. हसावं. उस्तादांना विचारावं, की पुन्हा कधी येऊ. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. म्हातारा मान मागं टेकून, डोळे मिटून बसला होता. थकला असेल. झोपला असेल.

शैलेंद्रचा पाय सैल सुटला. गाडीनं वेग घेतला. वारा आत आला.

उस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

"हळू..." ते म्हणाले. "खाली कुणीतरी आहे."